पंप शेवटी

जुनी पेट्रोल इंजेक्शनची गाडी बंद पडली की माणसं बॉनेट उघडतात आणि त्याभोवती गोळा होतात. यासीनमामा सरळ मागच्या दाराकडे जायचे. मागच्या सीटवर कांद्याची पोती असोत, आहेराच्या पिशव्या असोत की एखादं झोपलेलं माणूस, सगळं खाली उतरवायला लावायचे. मग सीट उचलून मालकाला सांगायचे, "चावी द्या. स्टार्टर मारू नका, नुसती चावी. आन् गप ऱ्हावा समदी."

सगळे गप्प होत. सीटखालच्या पत्र्याच्या झाकणाजवळ मामा कान नेत. चावी फिरली की टाकीत बुडालेला छोटा विजेचा पंप क्षणभर गुणगुणतो आणि थांबतो. इंजिन सुरू होण्याआधी नळीत पेट्रोलचा दाब तयार करून ठेवणं हे त्याचं काम. बहुतेक मालकांनी वर्षानुवर्षं गाडी चालवूनही हा आवाज ऐकलेला नसे. मामांचं निम्मं निदान त्यात होई. आवाज आला नाही तर वीज पोचत नाही. आवाज आला आणि गाडी तरी चढाला दम टाकते, तर पुढं कुठंतरी वाट अडली आहे.

त्यांचं गॅरेज शिरूरमध्ये दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, तिच्यावर एक खोली आणि खोलीला बाहेरून लोखंडी जिना. खाली यासीनमामा एकटेच काम करत. वर त्यांच्या पत्नी असत. मामांना सगळे मामा म्हणत, म्हणून त्या मामी. त्या काळात मी पुण्याच्या एका दैनिकाला शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. माझी गाडी जुनी होती, त्यामुळे या घरी वरचेवर जाणं होई. मामींच्या आजारपणात मामा जसे वागले ते त्यांच्या धंद्याच्या सवयी माहीत असल्याशिवाय समजत नाही. म्हणून आधी त्या सवयींबद्दल.

'गाडी पेट्रोल ओढत नाही' हे वाक्य त्यांना सहन होत नसे. शिरूर परिसरात सगळे असंच बोलतात. निमोण्याचा गोरख नावाचा एक फुलं पिकवणारा शेतकरी एकदा झेंडूच्या वासाची गाडी घेऊन आला आणि हेच म्हणाला.

"बिडी ओढत्यात," मामा म्हणाले. "पेट्रोल न्हाई."

"आवो पण ओढतच न्हाई ना मामा. चढाला बसतीया."

"कार्ब्युरेटरच्या गाड्या ओढायच्या. त्या गेल्या. ही ओढत न्हाई, हिला मागनं धाडावं लागतंय. तू ओढत न्हाई म्हनतो म्हून म्होरं बघत बसतो. मागं कवा बघनार?"

गोरखने येताना खोक्यातला नवा पंप विकत आणला होता. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने न बघताच पंप गेला असं सांगितलं होतं. मामांनी खोकं बाजूला ठेवलं. फ्यूज बघितला, रिले बघितला. मग होल्डरमधला एक साधा बल्ब पंपाच्या वायरींना लावून चावी द्यायला सांगितली. बल्ब लागला, पण पिवळा.

"पंप उपाशी हाय," मामा म्हणाले. "फुलांवर पानी मारतो का?"

"मारावंच लागतंय, न्हाईतर मार्केटला जाईस्तवर सुकत्यात."

"आन् ते पानी कुठं जातं?"

"खाली."

"खाली कुठं?"

मामांनी मॅट उचलली. अर्थिंगची वायर जिथं पत्र्याला बोल्टने जोडलेली असते तिथं गंजाचा हिरवा-तांबडा गोळा झाला होता. त्यांनी तो घासला, बोल्ट आवळला आणि पुन्हा चावी द्यायला सांगितली. बल्ब पांढरा लागला. गोरख खोकं हातात धरून उभा होता.

"मग ह्येचं काय करू आता?"

"बायकोला दे. म्हनाव दागिना आनलाय."

जिन्यावरून मामींचा आवाज आला, "घ्या. आमाला बी जल्मभर असलंच दागिनं मिळालं."

गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर पंप ओळीने मांडलेले होते. इतर ठिकाणी काढून टाकलेले, मालकांनी डिकीत तसेच ठेवलेले पंप मामा मागून घेत. पसरट ट्रेमध्ये थोडं पेट्रोल घेऊन पंप त्यात बुडवत आणि बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर लावून बघत. चालला की फळीवर. फळीवरचा प्रत्येक पंप चालू होता. "ह्यास्नी नाहक फाशी झाली," असं ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत. पंप कोरडा कधीच फिरवत नसत. तो पेट्रोलमध्येच गार राहतो, कोरडा फिरवला की जळतो, हे त्यांनी मला दोनदा तरी समजावलं होतं. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांवर ते याच कारणाने चिडत.

त्यांचा नियम दोन शब्दांचा होता. पंप शेवटी. आधी वीज, मग अर्थिंग, मग फिल्टर, मग नळ्या, मग दाब सांभाळणारा रेग्युलेटर. हे सगळं निर्दोष निघालं तरच पंपावर आळ. सरळ पंप बदलणारे त्यांच्या मते मेकॅनिक नव्हते, दुकानदार होते.

या नियमाला एकदा धक्का बसला. दौंडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. त्यांची गाडी शिरूरहून निघताना उत्तम चाले आणि न्हावरे सोडलं की झटके देऊ लागे. मामांनी वायरी तपासल्या, फिल्टर बदलला. दाबाच्या गेजचा काटा बरोबर जागेवर होता. पंप निर्दोष, असं त्यांनी जाहीर केलं. गाडी पुन्हा न्हावऱ्यापुढे थांबली. मामांनी नळ्या साफ केल्या. गाडी पुन्हा थांबली. गार्डसाहेब टेम्पोला दोरी बांधून परत आले आणि शेडमध्ये खुर्ची ओढून बसले.

"मामा, तुमचा आरोपी सुटला, पण खून चालूच आहेत."

"गेज खोटं बोलत न्हाई, सायेब."

"गेज शिरूरमध्ये बोलतं. गाडी न्हावऱ्याला मरते."

मामांनी चहा संपवला. मग त्यांनी गेजला लांब नळी जोडली. तिचा जोड त्यांनी पाबळच्या एका लेथवाल्याकडून करून घेतला होता. गेज बॉनेटमधून बाहेर काढून वायपरखाली काचेवर बांधलं आणि गार्डसाहेबांना गाडी चालवायला सांगून शेजारी बसले. मी मागे होतो. शिरूर सुटलं तेव्हा काटा जागेवर होता. निम्म्या वाटेवर तो थरथरला. न्हावरे मागे पडल्यावर हळूहळू खाली आला आणि गाडीने झटका दिला.

"गरम झाल्यावर पडतोय," मामा म्हणाले. "गार असला की चांगला. तपासाय घेतला की चांगला."

"म्हणजे आरोपी हाच," गार्डसाहेब म्हणाले.

"व्हय." हा एक शब्द उच्चारायला त्यांना वेळ लागला. पंप बदलला, गाडी सुधारली. काटा बघून शिरूरला परतताना गार्डसाहेबांनी रेल्वेतला एक रिवाज सांगितला होता. गाडी मधेच थांबली तर गार्ड आधी मागे जाऊन लाल बत्ती लावतो. ती का थांबली हे नंतर शोधतात. कारण शोधत बसलं आणि मागून दुसरी गाडी आली तर कारण कुणाला सांगणार? मामा यावर हसले होते. काढलेला पंप त्यांनी फळीवर ठेवला नाही. तेवढा एकच त्यांनी भंगारात दिला.

मामींना जिना चढताना दम लागतो, हे मला पहिल्यांदा त्यांच्याच बोलण्यातून कळलं. उन्हाळा चालू होता. त्या मधल्या पायरीवर मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडत बसल्या होत्या.

"मधीच का बसलात मामी?"

"हितं स्टेशन हाय माझं. हितं थांबल्याबिगर वर गाडी जात न्हाई."

मामा खालून म्हणाले, "रगत कमी हाय तिला. खात न्हाई काय."

पावसाळा लागला तेव्हा त्यांच्या पायांना सूज होती आणि झोपताना दोन उश्या लागत होत्या. शिरूरला पुण्याहून आठवड्यातून एकदा हृदयरोगाचे डॉक्टर येत. मामांनी मामींना त्यांच्याकडे नेलं. तपासणीनंतर डॉक्टर जे बोलले ते मामांनी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि पुढेही अनेकदा सांगितलं, म्हणून ते जसंच्या तसं देता येतं.

डॉक्टर म्हणाले, "मामींचं पंपिंग कमी आहे."

मामांनी विचारलं, "पंपिंग कमी हाय, का पंप खराब हाय?"

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकच की मामा."

मामा म्हणाले, "एक न्हाई, सायेब."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि उशीर न करता पुण्याला नेऊन पुढची तपासणी करून घ्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या बघाव्या लागतील, असं सांगितलं. चिठ्ठीवर मोठ्या रुग्णालयाचं नावही लिहून दिलं.

पण मामा त्या एका शब्दाला अडले. पंपिंग कमी असणं हे त्यांच्या दृष्टीने लक्षण होतं, दोष नव्हे. गेजचा काटा खाली आला म्हणून पंप काढणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. ते क्रमाने निघाले. आधी रक्त. हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघालं. ते रिपोर्ट घेऊन खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गोरखच्या गाडीचा बोल्ट सापडल्यावर दिसली होती तशी खात्री होती.

"बल्ब पिवळाच हाय," ते म्हणाले. "उपाशी पंप काय करनार?"

खजूर, बीट, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग थायरॉइडची तपासणी. ती ठीक आली. मग किडनी, त्यांच्या भाषेत फिल्टर. तीही बरी निघाली. डॉक्टरांनी दिलेल्या लघवीच्या गोळीने पायांची सूज उतरली, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम वर बोलावून मामींचे पाय दाखवले.

"लाइन चोक हुती. मोकळी झाली."

मी पुण्याला जाण्याचं विचारलं. ते म्हणाले, "जायचंच हाय. पर आधी बाकीचं बघू. तिथं गेलं की ते सरळ पंपालाच हात घालनार."

मामींनाही जायचं नव्हतं. त्यांच्या बहिणीला पुण्याला नेलं होतं आणि ती परत आली नव्हती, एवढंच कारण त्या सांगत. "ह्यांचा अंदाज आजवर चुकला का?" असं त्या मलाच विचारत. गार्डसाहेबांची गाडी त्यांच्या लक्षात नव्हती, किंवा त्यांनी ती लक्षात घेतली नव्हती. मामा समोर नसताना मात्र एकदा म्हणाल्या, "मला बी फळीवर मांडा म्हनावं. निदान चालू म्हून तरी नाव ऱ्हाईल."

सकाळी त्या बऱ्या असत. अंघोळ करून, केस विंचरून खाली येत, शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. मामा मला म्हणत, "बगा. ह्यो खराब पंप दिसतो का?" दुपार कलली की त्यांचे ओठ काळसर पडत आणि बोलताना वाक्य तुटे. तेव्हा मामा बहुतेक एखाद्या गाडीखाली असत.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी गार्डसाहेब गाडीचं ऑइल बदलायला आले, तेव्हा मीही शेडमध्ये होतो. मामींशी चहा घेतला, हसले. काम लांबलं म्हणून ते दुपारनंतरही थांबले. जायच्या वेळी निरोप घ्यायला ते जिन्याशी गेले आणि मामींकडे बघत उभे राहिले. मामी मधल्या पायरीवर होत्या आणि त्यांना 'या' एवढंही म्हणता आलं नाही.

ते परत शेडमध्ये आले. मामा पाना पुसत होते.

"मामा, सकाळी चांगल्या होत्या."

"मंग? तेच म्हनतो मी."

"दुपारी नाहीत." गार्डसाहेब थांबले. "गार असला की चांगला. तपासायला घेतला की चांगला. हे मी नाही म्हटलेलं."

मामांनी जिन्याकडे बघितलं.

"कारण नंतर शोधा," गार्डसाहेब म्हणाले. "आधी बत्ती लावा."

त्यानंतर शेडमध्ये जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. मामांनी पाना जागेवर टांगला. हात धुतले. जिन्यापाशी गेले आणि खालच्या पायरीवर, मामींच्या पायांशी बसले. मामींनी त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला निघायचं ठरलं. गार्डसाहेब रात्री गाडीसह शिरूरलाच थांबले होते, नव्या पंपाची तीच गाडी. मामा स्वतः चालवायला बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. मागे मामी होत्या, आणि त्यांना धरून बसायला गार्डसाहेब. निघताना मामांनी सवयीने आधी नुसती चावी दिली आणि थांबले. मामी सीटला डोकं टेकून होत्या. बरोबर त्यांच्या खाली पंप गुणगुणला.

"ह्येचा आवाज चांगला हाय," मामी म्हणाल्या.

मामांनी स्टार्टर मारला.

शिक्रापूरपर्यंत रस्ता बरा होता. कोरेगावला वढूहून दर्शन करून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ध्वज लावलेल्या जीपगाड्या, टेम्पो, पायी निघालेली पोरं. गाडी इंच-इंच सरकत होती. मामा आरशात मागे बघत, मग तापमानाच्या काट्याकडे बघत, मग पुन्हा आरशात. वाघोलीपर्यंत गार्डसाहेब मामींचा हात चोळत होते. गाडीने वाटेत कुठेही झटका दिला नाही.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने माहिती लिहून घेतली. त्रास कधीपासून आहे, असं त्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासनं," मामा म्हणाले.

"आणि निदान?"

"पावसाळ्यात झालं."

"मग मधे काय केलं?"

"बाकीचं बघत हुतो."

"बाकीचं म्हणजे काय?"

डॉक्टरने पेन थांबवून वाट पाहिली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मामी तिथे थोडेच दिवस होत्या. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे होते, त्यामुळे स्नायू बराच काळ उपाशी राहिला आणि आता तो सावरण्याच्या पलीकडे गेला आहे, असं तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी सांगितलं. आणलं त्याच्या काही महिने आधी आणलं असतं तर उपाय करता आला असता, हेही त्यांनी विचारल्यावर सांगितलं. विचारलं मामांनीच. म्हणजे वाट अडली होती हे मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. अडथळा कुठं आहे ते बघायला आधी पंपाकडेच जावं लागणार होतं, एवढंच त्यांच्या क्रमात बसत नव्हतं. मामींचं दफन शिरूरला झालं. निमोण्याहून गोरख आला होता. त्याने आणलेली फुलं ओली होती.

गॅरेज काही दिवसांनी उघडलं. पुढे मामा ते बंद करून दौंडला मुलीकडे राहायला गेले, आणि माझी बदली झाली. त्याआधीची ही शेवटची भेट.

माझी गाडी चढाला दम टाकू लागली होती. मी शेडमध्ये गेलो तेव्हा जिन्यावर, मधल्या पायरीवर, टायरची जुनी ट्यूब वाळत घातलेली होती. मागच्या भिंतीवरची फळी रिकामी होती. पंप कुठे गेले, असं मी विचारलं. "भंगारवाला आला हुता," मामा म्हणाले.

त्यांनी मागचं दार उघडलं, सीट उचलली. "चावी द्या," म्हणाले. गप्प राहायला सांगितलं नाही. मी चावी दिली. पंप गुणगुणला आणि थांबला. इतक्या वर्षांत तो आवाज मलाही ओळखू येत होता. तो स्वच्छ होता.

"बदलून टाका," मामा म्हणाले.

"गेज लावून बघायचं का?"

"कशाला?"

"आवाज चांगला वाटतोय मामा."

"चांगलाच वाटतो त्यो," ते म्हणाले. त्यांनी कपाटातून खोकं काढलं. अलीकडे ते नवे पंप आणून ठेवत असत. दोष फिल्टरचा होता, हे मला नंतर दौंडला दुसऱ्या मेकॅनिककडून कळलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी सफाईने, एकही थेंब न सांडता, पंप बदलला, झाकण लावलं, सीट बसवली आणि तिच्यावरून तळहात फिरवून तिची सुरकुती काढली.

मी गाडीत बसलो. मामा माझा जुना पंप घेऊन बाकाकडे गेले. ट्रे तिथेच होता, रिकामा. त्यांनी त्यात पेट्रोल ओतलं नाही. पंप तसाच कोरडा बाकावर ठेवला आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी लावल्या. तो चालू झाला. मी वाट पाहिली. मामा हात खाली सोडून त्याच्यासमोर उभे होते. आवाज चढत गेला, कर्कश झाला, जळक्या वासाची एक रेघ रस्त्यापर्यंत आली, तरी त्यांनी वायरी काढल्या नाहीत.